हारा ताकाशी यांचं चरित्र मराठीत लिहिताना: नाव, सन आणि दोन वृत्तपत्रं

'वृत्तपत्राचे संपादक, पुढे जपानचे पंतप्रधान' एवढ्यावर हारा ताकाशी (१८५६–१९२१) यांची नोंद उरकता येते. वाक्य खोटं नाही, पण त्यात मधली पंधरा वर्षं गडप होतात, आणि हा माणूस घडला तो नेमका त्या पंधरा वर्षांत. नोंद दोनशे शब्दांची असो की दोन हजार, पुढचं काम त्याच क्रमाने करावं लागतं.

आधी नाव. जपानीत आडनाव पहिलं येतं: हारा आडनाव, ताकाशी नाव. इंग्रजी मजकुरावरून उतरवलं की क्रम उलटतो आणि एकाच लेखात 'हारा' आणि 'ताकाशी' आळीपाळीने आडनाव म्हणून वावरू लागतात. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या, पुढे फक्त 'हारा'. यातला 'आ' जपानीत आखूड आहे, पण 'हर' लिहिलं तर मराठी वाचकाला शंकर दिसेल, म्हणून 'हारा'च ठेवावं. (मराठीत हारा म्हणजे मोठी टोपली, त्याला इलाज नाही.) त्यांच्या नावाचं अक्षर 'केई' असंही वाचलं जातं. 'हारा केई' ही दुसरी व्यक्ती नव्हे. हे एकदाच सांगून पुढे जावं. पुढे येणाऱ्या 'होची', 'निप्पो' या वृत्तपत्रांच्या नावांतला लांब ओ देवनागरीत वेगळा दाखवता येत नाही, तो नाद सोडावा. टोकियो, ओसाका ही रूढ रूपं बदलू नयेत.

मग तारखा. शकात ७८ मिळवायची सवय आपल्याला आहेच. जपानी सन सम्राटाच्या कारकिर्दीनुसार बदलतात. इथे मेइजी सनात १८६७ आणि ताइशो सनात १९११ मिळवायचे: मेइजी ३० म्हणजे १८९७, ताइशो १० म्हणजे १९२१. १९१२ साली ३० जुलैला सन बदलला, त्यामुळे त्या वर्षाला दोन्ही नावं लागतात. ही बेरीज १८७३ पासून बिनधोक चालते. त्याआधी जपानचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं, अधिक महिन्यासकट, आणि वर्षाचं शेपूट पुढच्या इंग्रजी वर्षात जायचं. मेइजी ५ च्या बाराव्या महिन्यातल्या दुसऱ्या दिवसानंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडला. हारांचा जन्म आन्सेई (मेइजीच्या आधीचा एक सन) ३, दुसरा महिना, नववा दिवस असा नोंदलेला आहे. त्याचं '९ फेब्रुवारी १८५६' करणं ही हमखास होणारी चूक; खरी तारीख १५ मार्च १८५६. वयाचंही तसंच. जुन्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि दर नववर्षाला एक वर्ष वाढतं. त्यामुळे मृत्युसमयीचं वय कुठे ६६ दिसेल. आपल्या हिशेबाने ते ६५.

आता कालक्रम. इथे घाई केली की सगळं बिघडतं. हारा उत्तरेकडच्या मोरिओकाचे, नाम्बू संस्थानातल्या वरच्या दर्जाच्या सामुराई घराण्यातले. आजोबा संस्थानचे कारभारी. १८६८ च्या यादवीत हे संस्थान नव्या सरकारच्या विरोधात लढलं आणि हरलं. पुढे सत्तेत सात्सुमा आणि चोशू या जेत्या संस्थानांची माणसं भरली, तेव्हा हारांसारख्याला सरळ वाट नव्हती. न्यायखात्याच्या विधी विद्यालयात ते फ्रेंच शिकले, पण वसतिगृहातल्या जेवणावरून झालेल्या तंट्यात १८७९ साली बाहेर काढले गेले. त्याच वर्षी ते टोकियोच्या 'युबिन होची' या वृत्तपत्रात लागले. तिथे फ्रेंच पत्रांतल्या मजकुराचे अनुवाद हे त्यांचं मोठं काम होतं. या टप्प्याला 'संपादक' लिहू नये, 'पत्रकार' पुरे.

१८८१ च्या राजकीय उलथापालथीनंतर होची हे सरकारातून बाहेर पडलेले नेते ओकुमा शिगेनोबू यांच्या गटाच्या हाती गेलं. हारांचं पटेना, ते १८८२ च्या सुरुवातीला बाहेर पडले आणि ओसाकाच्या 'दाइतो निप्पो'चे मुख्य लेखक झाले. हे पत्र सरकारधार्जिणं होतं, हे लिहायला चुकू नका, कारण पुढचं पाऊल त्यावाचून समजत नाही: त्याच वर्षाअखेर ते परराष्ट्र खात्यात दाखल झाले. फ्रेंच इथेही कामी आलं. चीनमधल्या तिएनजिनला वाणिज्यदूत, मग पॅरिसच्या वकिलातीत. तिथून परतल्यावर कृषी-वाणिज्य खातं, मंत्री मुत्सु मुनेमित्सू यांचा आश्रय, १८९५ मध्ये परराष्ट्र उपमंत्री, १८९६ मध्ये कोरियात जपानचे राजनैतिक प्रतिनिधी. १८९७ च्या ऑगस्टमध्ये मुत्सु वारले, आणि पुढच्याच महिन्यात हारा 'ओसाका माइनिची'त संपादकप्रमुख म्हणून गेले. १८९८ मध्ये अध्यक्ष. चिनी अक्षरांची संख्या कमी करावी हा आग्रह त्यांनी याच काळात मांडला.

म्हणजे वृत्तपत्राचे टप्पे दोन. पहिल्यात पोट भरायला आलेला विशीतला तरुण, दुसऱ्यात खात्याचा कारभार पाहून आलेला चाळिशीतला व्यवस्थापक. दोन्ही एका परिच्छेदात कोंबले की वाचकाला वाटतं, लेखणी गाजली म्हणून राजकारणात गेले. तसं नव्हतं; ओळखी आणि अनुभव सरकारी नोकरीतले होते. पत्राचं नावही त्या वेळचंच द्यावं. आजचं 'माइनिची शिम्बुन' हे नाव १९४३ चं.

१९०० साली माजी पंतप्रधान इतो हिरोबुमींनी सेइयुकाई पक्ष काढला. हारांनी माइनिची सोडलं आणि डिसेंबरात होशी तोरू यांच्या जागी दळणवळणमंत्री झाले. खासदार मात्र १९०२ मध्ये, मोरिओकातून. आधी मंत्री, मग खासदार: क्रम उलटा वाटतो म्हणून 'दुरुस्त' करू नका. गृहमंत्रिपद तीनदा (१९०६–०८, १९११–१२, १९१३–१४), पक्षाचं अध्यक्षपद १९१४ पासून. तांदळाच्या महागाईवरून झालेल्या दंग्यांनंतर तेराउची सरकार पडलं आणि २९ सप्टेंबर १९१८ रोजी हारा पंतप्रधान झाले.

'पहिले' हा शब्द जपून वापरा. पहिलं पक्षीय मंत्रिमंडळ १८९८ चं, ओकुमा आणि इतागाकींचं. हारांबद्दल नेमकं विधान असं: कनिष्ठ सभागृहाचे सदस्य असताना पंतप्रधान झालेले पहिले. त्यांच्या मंत्रिमंडळात लष्कर, आरमार आणि परराष्ट्र सोडून बाकी सगळे सेइयुकाईचे होते. 'सामान्यजनांचे पंतप्रधान' ही पदवीही फसवी आहे. १८७५ मध्ये त्यांनी वेगळं घर मांडून सामान्य नागरिक म्हणून नोंद करवली आणि पुढे सरदारकी नाकारत राहिले. गरीब घरचे म्हणून ते 'सामान्य' नव्हते. लोकशाहीवादी ठरवायची घाई झाली तर मताधिकाराचे आकडे पाहा. १९१९ च्या कायद्याने मतदारासाठी कराची अट १० येनवरून ३ येनवर आणली, मतदार सुमारे दुप्पट झाले. पण सार्वत्रिक मताधिकाराची मागणी आली तेव्हा हारांनी फेब्रुवारी १९२० मध्ये सभागृहच विसर्जित केलं. मे महिन्यात ४६४ पैकी २७८ जागा घेऊन परतले. नव्या एक-सदस्यीय मतदारसंघांचा त्यांना मोठा फायदा झाला. १९१९ चं कोरियातलं १ मार्चचं स्वातंत्र्य आंदोलन दडपलं गेलं ते त्यांच्याच कारकिर्दीत, हेही गाळू नये.

आधार म्हणून त्यांची रोजनिशी अमोल आहे. १८७५ पासून शेवटपर्यंतची. लगेच छापू नये, पण जपावी, असं त्यांनी मृत्युपत्रात सांगितलं. ती १९५०–५१ मध्ये नऊ खंडांत निघाली. मात्र ज्येष्ठ लष्करी मुत्सद्दी यामागाता आरितोमोंशी झालेली बोलणी त्यात एकाच बाजूने लिहिलेली आहेत. नेमणुकांच्या तारखा रोजनिशीपेक्षा सरकारी राजपत्रावर ताडाव्या. ते १८८३ पासूनचं आहे आणि राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचता येतं.

शेवटचा परिच्छेद आखूड ठेवावा. ४ नोव्हेंबर १९२१, संध्याकाळ, टोकियो स्थानक. पक्षाच्या सभेसाठी क्योतोला निघालेले हारा. मारेकरी नाकाओका कोनइची, अठरा वर्षांचा, रेल्वेत सांधे बदलणारा कामगार. जन्मठेप झाली, पण १९३४ मध्ये सुटला. त्यामागे कोण होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पुराव्यावाचून एकही नाव घालू नका. समाधी मोरिओकातल्या दाइजिजी मंदिरात आहे. दगडावर हुद्दा वा पदवी नको, फक्त नाव असावं, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं, तेव्हा नोंदीच्या शीर्षकातही 'पंतप्रधान' लावू नये.