मिडी कीबोर्ड आणि साउंड मॉड्यूल कॉम्प्युटरला कसं जोडावं

मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. त्यामुळे साउंड मॉड्यूल, म्हणजे या निरोपावरून आवाज काढणारं वेगळं यंत्र, जोडताना दोन वाटा लावाव्या लागतात, एक निरोपाची आणि एक आवाजाची. दुसरी राहून गेली, की मॉड्यूलच्या पडद्यावर सगळं हलताना दिसतं आणि रेकॉर्डिंग मात्र कोरं निघतं.

उदाहरणाला रोलँडचा साउंड कॅनव्हास एससी-५५ घेऊ, १९९१ सालचा, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. दुसरं काहीही असलं तरी जोडणी हीच.

आधी निरोप. कीबोर्ड यूएसबीने थेट कॉम्प्युटरला लावा. मॉड्यूलला जुनी पाच पिनांची मिडीच लागते, म्हणून मिडीची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा, हवा. त्याच्या मिडी आउटमधली केबल मॉड्यूलच्या मिडी इनमध्ये जाते. स्वस्त यूएसबी-मिडी केबल वापरत असाल, तर टोकांवरची इन-आउट ही नावं गोंधळात टाकतात. निरोप पोचत नसेल तर टोकं बदलून बघा, त्याने काही जळत नाही.

मग आवाज. एससी-५५ च्या मागे आरसीए जॅक आहेत. तिथून डावी-उजवी केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावा, माइकच्या नव्हे. मॉड्यूलचा व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर ठेवा आणि इंटरफेसचा गेन, म्हणजे येणाऱ्या आवाजाची पातळी, अशी लावा, की सर्वांत जोराचा सूरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

आता रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर कीबोर्डचं इनपुट आणि इंटरफेसचं मिडी आउटपुट, दोन्ही चालू करा. पहिल्या ट्रॅकला कीबोर्डचं मिडी इनपुट द्या, राउटिंगमध्ये मिडी हार्डवेअर आउटपुट म्हणून इंटरफेस निवडा, ट्रॅक आर्म करून, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी सज्ज करून, मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आत येणारं लगेच पुढे जाईल. दुसरा ट्रॅक ऑडिओचा, इनपुट स्टिरिओ. मॉड्यूल इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे कॉम्प्युटरमधून न जाता थेट, ऐकत असाल, तर या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल. कीबोर्डला स्वतःचा आवाज असेल तर त्याचा लोकल कंट्रोलही बंद करा, म्हणजे पट्टी दाबल्यावर तो स्वतः वाजणार नाही.

वेगवेगळ्या वाद्यांचे निरोप वेगळे ठेवायला मिडीत चॅनल १६ असतात. जनरल मिडी या ठरलेल्या मांडणीत दहावा तालवाद्यांचा, तिथे पियानो वाजवू नका. टोन, म्हणजे वाद्याचा आवाज, निवडला की प्रोग्राम चेंज, म्हणजे त्या टोनचा आकडा सांगणारा निरोप, मिडी ट्रॅकच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा, म्हणजे महिन्याने फाइल उघडली तरी तोच टोन लागेल. आकडा एकाने पुढेमागे वाटला तर घाबरू नका. काही यंत्रं ० पासून मोजतात, काही १ पासून.

चाल पक्की होईपर्यंत सगळं मिडीतच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. एक चुकलेला सूर उचलून जागेवर ठेवायला क्षणभर पुरतो. ऑडिओ मात्र, म्हणजे मिडी वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर घेतलेलं रेकॉर्डिंग, एकेक वाद्य करून घ्या. पाच पिनांच्या केबलमधून एका सुराचा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे एकाच मात्रेवर ढोलक, बेस आणि भरगच्च कॉर्ड आले की रांग लागते. शिवाय एससी-५५ एका वेळी २४ आवाजच काढतो, पेडल दाबून ठेवलं की मागचे सूर गळतात.

ऑडिओ झाल्यावर वेव्हफॉर्म मोठा करून पहिला ठोका मात्रेच्या रेषेवर बसतोय का बघा, मागे पडला असेल तर क्लिप सरकवा. मिडीचा ट्रॅक म्यूट करा, पण पुसू नका. आणि हे ऑडिओ रेकॉर्डिंग झाल्याशिवाय रेंडर करू नका, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल काढू नका. मॉड्यूल कॉम्प्युटरच्या बाहेर आहे, त्याचा आवाज आपोआप त्या फाइलमध्ये उतरणार नाही.