आखाजीला घर भरलं की केक कसा करायचा: ओव्हन नको, अंडं नको, क्रीम तर नकोच

सगळ्यात आधी सांगते, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी केक करायचा नाही. तो दिवस खापराच्या पोळ्यांचा, आमरसाचा आणि सांजोऱ्यांचा. सकाळी घागर भरायची, त्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं, पितरांचा नैवेद्य, मग माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झोक्यावर आणि गौराईची गाणी. यात केक मधे आणला तर कोणी धड खात नाही आणि मोठी माय म्हणते ते वेगळंच. केकची खरी वेळ दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे पुरण खाऊन सगळे कंटाळलेले असतात, पोरांना चार वाजले की काहीतरी गोड पाहिजे असतं, सुरतहून ताप्ती लाईनच्या रेल्वेने आलेले काका अजून आठ दिवस मुक्कामी असतात आणि पातेल्यात कालचा आमरस उरलेला असतो.

आता आपल्या खान्देशातली मेन अडचण म्हणजे ऊन. जळगाव भुसावळला मे महिन्यात ४४-४५ डिग्री जातं. युट्यूबवर जे केक दिसतात ना तीन थराचे, वर क्रीमची फुलं, ते एसी किचनमधले. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, चॉकलेट पण साधारण तिथेच, आणि आपल्या घरात दुपारी पंखा लावला तरी यापेक्षा जास्त असतं. म्हणून उन्हाळ्यात साधा चहासोबतचा केक करायचा, तेल किंवा तुपातला, वर काही नाही. याने काही कमी पडत नाही हो, उलट पोरं क्रीम चाटून खालचा केक टाकून देतात ते तरी वाचतं.

ओव्हन असेल तर चांगलंच पण खेड्यावर भरवसा ठेवू नका, ओटीजी १५०० ते २००० वॅट ओढतो, उन्हाळ्यात व्होल्टेज डाऊन, आणि मधेच लाईट गेली की अर्धा फुगलेला केक बसतो तो बसतोच. गॅसवर कुकर किंवा जाड बुडाची कढई बेस्ट. पाच लिटरचा जुना कुकर घ्या (नवा घेऊ नका, कोरडा तापवून तळ खराब होतो), आतली रबराची रिंग काढा, शिटी काढा, तळाशी वाटी दीड वाटी जाडं मीठ पसरा, पाणी अजिबात नाही, त्यावर एखादी ताटली उलटी किंवा स्टँड ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तापवा, मग केकचा डबा आत आणि गॅस बारीक. ते मीठ नंतर भाजीत वापरायचं नाही, बरणीत भरून ठेवा, पुढच्या केकला तेच. डबा सहा-सात इंची अॅल्युमिनियमचा घ्या आणि आधीच कुकरमधे ठेवून बघा मावतो का, चारी बाजूने बोटभर जागा पाहिजे. आणि एक, कूलरची हवा गॅसवर येते का बघा, बारीक आच फडफडते नाहीतर विझूनच जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा कूलरचं तोंड फिरवा, कोणी कितीही ओरडलं तरी.

वेळ सकाळची. दूध तापवायला उठताच ना, तेव्हाच बॅटर करायला घ्या, आठ-नऊच्या आत गॅस मोकळा झाला पाहिजे कारण मग वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी आहेत आणि त्यात कोणी बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) नाहीतर कुरडयांचं काढलं असेल तर तुमच्या केकला कोण विचारतंय.

पहिला केक केळ्याचा, कारण केळं आपल्याकडे विकत आणायची गोष्टच नाही, रावेर, यावल, चोपड्याकडे कोणीतरी पाहुणा असतोच आणि तो रिकाम्या हाताने येत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय टॅग मिळाला आणि इकडे आपल्या घरात उन्हाने दोन दिवसात काळी पडलेली फणी कोणी हात लावत नाही म्हणून गायीला जाते. तीच फणी पाहिजे. साल जितकी काळी तितका केक गोड आणि वासाचा, फक्त आतून आंबलेला वास येत असेल तर नको.

एकच वाटी पकडा, साधारण २०० मिलीची, सगळं तिनेच मोजा. तीन पिकलेली केळी पोरांच्या ताब्यात द्या, काट्याने नाहीतर हाताने कुस्करू द्या, तेवढीच शांतता. त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल (शेंगदाण्याचं नको, वास मारतं, सोयाबीन नाहीतर सूर्यफूल चालतं), पाव वाटी दही, हे छान फेटून घ्या. दीड वाटी मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा. मग कोरडं ओल्यात टाकून हलक्या हाताने कालवा, गुठळी गेली की थांबा, जास्त घोटलं की केक चिवट होतो. वेलची आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे भरडून टाका, अक्रोड असतील तर अक्रोड. आता इथे रेंगाळायचं नाही, सोडा दह्याच्या आंबटपणाला लागला की लगेच गॅस सुटायला लागतो, तुम्ही फोनवर बोलत बसलात तर तो फुगवटा वाटीतच संपतो. डब्याला तेल-मैदा लावून आधीच तयार ठेवायचा आणि अर्ध्याच्या थोडं वर भरायचा.

बारीक आचेवर ४० ते ५० मिनिटं. पस्तीस मिनिटांआधी झाकण उघडायचं नाही, पोरं दर पाच मिनिटांनी विचारतील, उघडायचं नाही. सुरी घालून बघा, कोरडी आली की झाला. डब्यातच दहा-पंधरा मिनिटं ठेवा मग उलटा करा, गरम गरम कापला की चुरा होतो.

मैदा नको म्हणणारं घरात कोणीतरी असतंच. अर्धी कणिक अर्धा मैदा चालतो, दोन चमचे दूध जास्त लागतं. दादरचं, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीचं पीठ पण टाकता येतं, चव मस्त येते, पण चौथा हिस्सा फक्त, ज्वारीला चिकटपणा नाही त्यामुळे जास्त टाकलं की तुकडा हातात धरवत नाही. अंड्याचा विषयच नाही, माळकरी घरात तो वाद कशाला काढायचा, दही आणि सोडा ते काम करतात.

दुसरा आमरसाचा रवा केक, आणि खरं सांगू मला हाच जास्त आवडतो. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी आमरस (दूध मिसळायच्या आधी बाजूला काढलेला असेल तर बरा), अर्धी ते पाऊण वाटी साखर आंब्याच्या गोडीप्रमाणे, अर्धी वाटी दही, पाव वाटीच्या थोडं वर पातळ तूप. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगला पाहिजे. नंतर बघाल तर घट्ट गोळा झालेला असेल, अर्धी वाटी दूध लागेल तसं घालून इडलीच्या पिठासारखं करा, आणि अगदी शेवटी एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. वर टुटीफ्रुटी किंवा बदामाचे काप. हा पण ४० मिनिटं धरा. रव्याचा केक पहिल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी मऊ लागतो, वरून गार आमरस ओतून दिला की क्रीमची आठवण कोणाला येत नाही.

एका डब्याचे दहा-बारा तुकडे होतात. पंचवीस माणसं असतील तर दोन डबे, आणि दुप्पट माप एकाच डब्यात भरू नका, मधे कच्चा आणि कडेने जळालेला निघतो. दुसरं बॅटर पहिला केक उतरल्यावरच करायचं.

वाढदिवसाचं म्हणाल तर १ जून सोडू नका. आपल्याकडे जुन्या माणसांच्या दाखल्यावर अर्ध्यांची जन्मतारीख १ जून, गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहून टाकायची, जून मधे शाळा सुरू, वय बसलं पाहिजे बस. म्हणजे बाबा, मोठे काका, मामा, सगळ्यांचा एकाच दिवशी. सुट्टीतली मंडळी अजून असतात, दोन केक करा आणि सगळ्या म्हाताऱ्यांना एका लाईनीत बसवून कापायला लावा. लाजतात, "आम्हाले काय करनं वाढदिवस" म्हणतात, आणि फोटोत सगळ्यात पुढे तेच. अशा दिवशी वर थोडं सजवायचं असेल तर अर्धी वाटी पिठीसाखर चाळून त्यात एक-दीड चमचा लिंबाचा रस, घट्टसर पेस्ट करून पूर्ण गार झालेल्या केकवर ओता. अर्ध्या तासात वाळून पांढरा थर होतो आणि क्रीमसारखा वितळत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांना पातळ तुकडा द्या, वरचा थर काढून.

ठेवायचं कसं ते महत्त्वाचं. आपली हवा कोरडी, उघडा ठेवला तर संध्याकाळपर्यंत वरून कडक होतो, आणि गरम असताना डब्यात बंद केला तर आत घाम सुटून चिकट होतो. पूर्ण गार करा, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा पाणी भरलेल्या परातीत, नाहीतर मुंग्या लागल्याच समजा. केळ्याचा केक बाहेर एक दिवस, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत, पुढे फ्रीज. रस घातलेला असल्यामुळे रवा केक त्याच दिवशी रात्री फ्रीजमधे टाका, खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा.

आणि पाहुण्यांना बांधून द्यायचा असेल तर केळ्याचाच द्या, आदल्या संध्याकाळी करा म्हणजे रात्रभर घट्ट बसतो, अख्खा द्या, कापून नको. बटर पेपरमधे गुंडाळून डब्यात, डबा पिशवीत सगळ्यात वर, लोणच्याच्या बरणीपासून लांब. एसटीच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू देऊ नका, मांडीवर घ्या म्हणावं.