पैठणीच्या काठाचा चोकर घरच्या घरी

आपल्या जिल्ह्यात येवला आहे, त्यामुळे नाशिकमध्ये कुणाच्याही कपाटात पैठणीच्या ब्लाउजचं उरलेलं कापड सापडतंच, ते फेकू नका, त्याचा मस्त चोकर, म्हणजे गळ्याला घट्ट बसणारा हार, होतो आणि शिवण अन् दागिने दोन्ही एकदम शिकता येतं.

आधी गळ्याचं माप घ्या आणि त्यातून २ इंच कमी करा, ती पट्टीची लांबी, कारण मागे दोरी येणार. आता कापायची घाई नको!! रेशीम कडेने लगेच उसवतं, म्हणून उलट्या बाजूला पेस्टिंगचं बकरम (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) लावा, वर सुती रुमाल ठेवून कोमट इस्त्री फिरवा, गरम इस्त्रीने जरीचं काम खराब होतं. मग अडीच इंच रुंद पट्टी कापा, दोन्ही टोकांना शिलाईसाठी अर्धा-अर्धा इंच जास्त ठेवा, सुलट बाजू आत घेऊन लांबीत मधोमध दुमडा, पाव इंचावर टीप मारा आणि उलटवा, १ इंचाची पट्टी तयार. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, तितकीच पक्की बसते.

टोकं आत दुमडून दोरी घाला आणि शिवून टाका. खालच्या कडेला मोती लावायला बारीक सुई लागते, जाड सुई मोत्यात अडकते. नायलॉनचा दोरा घ्या आणि दर ३-४ मोत्यांनंतर कापडातच गाठ मारा, म्हणजे एक तुटला तरी सगळे सांडत नाहीत. मोती, दोरी सगळं नाशिकच्या मेन रोडला मिळून जातं, कापडाचा तुकडा सोबत न्या, फोटोवरून रंग जुळत नाही.