इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि आठवड्यात विसरायचे, हे सगळ्यांचंच होतं. त्यापेक्षा शब्द आला कुठून ते बघा, खरंच सांगते, अर्थ डोक्यात बसतो तो निघतच नाही. नामांपासून सुरुवात करा, सोपं जातं.

डिक्शनरीत अर्थ वाचून लगेच पान उलटू नका, मोठ्या डिक्शनरीत अर्थाच्या आधी नाहीतर शेवटी बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलेलं असतं, ते वाचा. मोबाईलवर फुकट बघायचं तर एटिमऑनलाइन नावाची वेबसाइट आहे.

मग शब्द फोडा. कंपॅनियन घ्या, त्यात कॉम म्हणजे सोबत आणि लॅटिन पॅनिस म्हणजे ब्रेड, म्हणजे ज्याच्यासोबत बसून आपण घास खातो तो कंपॅनियन. आणि आपल्या वडापावातला पाव पण त्याच पॅनिसचा बरं का, लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे! पँट्री, म्हणजे खाण्याचं सामान ठेवायची खोली, ती पण तिथलीच, तिचा तव्याबिव्याच्या पॅनशी काही संबंध नाही.

म्हणून नुसत्या दिसण्यावर कधी जाऊ नका. पेन आणि पेन्सिल सख्खी भावंडं वाटतात पण नाहीयेत, पेन आलं लॅटिन पेना म्हणजे पिसावरून, आणि पेन्सिल ज्या शब्दावरून आली त्याचा अर्थ छोटी शेपटी, कारण आधी तो रंगवायचा बारीक ब्रश होता. मंगूसचं पण तेच, शेवटी गूस ऐकू येतं म्हणून मुलं अनेकवचन मंगीस करतात, पण त्यात बदक-हंस कोणी नाही, तो आपला मराठी मुंगूस आहे, पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलेला, म्हणून अनेकवचन मंगूसेस. एवढं मुलांना सांगितलं की परत चुकत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फॉरवर्ड आलेल्या गोष्टी तपासा. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे शाळेत पण सांगतात आणि ते साफ चूक आहे. न्यू म्हणजे नवीन, त्याचंच अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी. इथे शब्द कधीपासून वापरात आहे ते बघायचं, कारण आद्याक्षरं जोडून शब्द करायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली, रडार 1940 च्या आसपासचा, आणि न्यूज त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोक बोलतायत.

काही शब्द माणसांच्या नावावरून पण येतात, 1880 मध्ये आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या एजंटावर लोकांनी बहिष्कार टाकला, कोणी त्याचं पीक कापायला जाईना, तिथून बॉयकॉट.

वहीत दोन रकाने करा, एक पक्कं, एक ऐकीव. सॅलरीचं बघा, त्यात लॅटिन साल म्हणजे मीठ आहे हे पक्क्यात लिहा, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळायचं ही गोष्ट ऐकीवमध्येच ठेवा, तिला धड पुरावा नाही.