वस्तऱ्याची धार आणि नैसर्गिक दगड : या चुका टाळा

दाढी करताना वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागला, की पहिला संशय धार लावायच्या दगडावर जातो आणि त्याहून बारीक, त्याहून महाग दगडाचा शोध सुरू होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक बोथट वस्तऱ्यांच्या बाबतीत मात्र दगड निर्दोष होता आणि चूक त्याआधीच्या पायरीवर झालेली होती. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत चामोटीशेजारी, म्हणजे वस्तरा परजायच्या चामड्याच्या पट्ट्याशेजारी, एक निसणा (धार लावायचा दगड) असे आणि तो वर्षानुवर्षे पुरे. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आल्यावर निसणा दिसेनासा झाला. आज घरी वस्तरा वापरणाऱ्याला दगड बहुधा परदेशातून मागवावा लागतो, त्यामुळे निवडीतली चूक महागात पडते.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे नैसर्गिक दगडावर कृत्रिम दगडाचा आकडा, म्हणजे कण किती बारीक ते सांगणारा क्रमांक, शोधणे. बेल्जियमच्या आर्देन टेकड्यांत, व्हिएलसाम आणि लिएर्न्यूच्या परिसरात मिळणारा कोटिक्यूल नावाचा फिकट पिवळा दगड विक्रेते ‘8000’ म्हणून विकतात. या दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे स्फटिक असतात आणि ते साधारण 5 ते 15 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तर 8000 क्रमांकाच्या कृत्रिम दगडातले कण एक-दोन मायक्रॉनच्या घरात असतात. आकाराने इतके मोठे असूनही गार्नेट बारीक काम करते, कारण त्याच्या पैलूंचे कोन बोथट असल्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाही. म्हणून तो आकडा केवळ अंदाज असतो, आणि एकाच खाणीतले दोन तुकडेही वेगवेगळ्या वेगाने काम करतात.

दुसरी चूक शिक्क्यावर भुलण्याची. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जुन्या दगडावर एशर या नावाचे लेबल असले किंवा जपानमधल्या क्योटोच्या दगडावर नाकायामा खाणीचा शिक्का असला, की किंमत चढते. पण शाईचा शिक्का कोणीही उठवू शकतो. त्यापेक्षा दगड ओला करून त्यावरून नख आडवे फिरवावे. रंगाचे ढग आणि डाग बहुधा निरुपद्रवी असतात. नख अडकते ती रेष मात्र धारेला बाधते. वस्तऱ्यासाठी 150 बाय 40 मिलिमीटरचा दगड पुरतो, रुंदीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दगड सपाट आहे असे गृहीत धरू नये. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर घासून सर्व रेषा एकाच वेळी पुसल्या जातात का ते पाहावे. हे काम कोरडे कधीच करू नये, कारण अमेरिकेतला आर्कान्सा दगड जवळजवळ संपूर्ण सिलिका असतो आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. कठीण आर्कान्साचे कण सहसा सुटत नाहीत, त्यामुळे तो जितका गुळगुळीत कराल तितकेच बारीक काम देतो; करवतीच्या खुणा तशाच ठेवून ‘हा दगड खरखरीत निघाला’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे कोन पाठच ठरवते. तरीही उताराचे (धारेलगतच्या घासलेल्या चिंचोळ्या पट्टीचे) दोन्ही पृष्ठभाग धारेपर्यंत पोहोचून एकमेकांना मिळाले नसतील, तर शेवटच्या दगडाला करण्यासारखे काही उरत नाही. उतारावर मार्कर पेनची शाई लावावी आणि दगडावर दोन-तीन हात (घासण्याचे फेरे) फिरवून भिंगातून पाहावे. टाचेजवळ (धारेच्या मुठीकडच्या टोकाशी) किंवा पुढच्या टोकाशी काळी रेघ उरली असेल, तर तेथे दगड पोहोचलेलाच नाही. खाचा पडलेल्या पात्यासाठी 1000 क्रमांकाचा कृत्रिम दगड वापरण्यात कमीपणा नाही. पाठीवर चिकटपट्टी लावून सुरुवात केली असेल, तर ती शेवटपर्यंत ठेवावी; मध्येच काढली, की कोन बदलतो आणि दगड धारेला स्पर्शच करत नाही.

कोटिक्यूलवर त्याच दगडाचा लहान तुकडा पाण्यासह घासला, की दुधासारखे पांढरट पाणी तयार होते. त्याला स्लरी म्हणतात आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. सुटे झालेले गार्नेट पोलाद झपाट्याने खाते, पण तेच कण धारेच्या टोकावर आदळून ते बोथटही करत राहतात. म्हणजे दाट स्लरीवर धार एका मर्यादेपुढे जाऊच शकत नाही, कितीही हात फिरवले तरी. मी पहिले कित्येक आठवडे याच मर्यादेशी झगडत होतो. वस्तरा हातावरचे केस काढायचा, हनुवटीखाली मात्र डोळ्यांत पाणी आणायचा. घाबरून दगड लगेच धुतला, तर उलटी चूक होते, कारण स्वच्छ पाण्यावर हा दगड फार सावकाश चालतो आणि राहिलेले काम तो भरून काढत नाही. उपाय मधला आहे : दर पंधरा-वीस हातांनंतर बोटाने दोन थेंब पाणी टाकावे, दाब हळूहळू कमी करावा आणि स्लरी पातळ होत होत निव्वळ पाणी उरेपर्यंत जावे. पाते दगडाला किंचित चिकटल्यासारखे सरकू लागले आणि धारेपुढचे पाणी पात्यावर चढू लागले, की रोख बरोबर आहे असे समजावे. त्यानंतर केवळ वस्तऱ्याच्या वजनाने, बोट न दाबता, तीस-चाळीस हात पुरेत.

कोटिक्यूलला तेलाची गरज नसते आणि त्याला भिजतही घालू नये. तो फारसे पाणी शोषत नाही, शिवाय पिवळा थर पाटीच्या दगडावर डिंकाने चिकटवलेला असेल तर जुना जोड सुटण्याची भीती असते. जपानी दगडांना थरांमधून तडे जातात, म्हणून त्यांच्या बाजूंना लाखेसारखा लेप देतात.

एवढे करूनही वस्तरा ओढत असेल, तर चामोटीकडे पाहावे. पाते वळवताना पाठ उचलली गेली, तर दगडावर कमावलेली धार दोन हातांत गोल होते. वळण नेहमी पाठीवर घ्यावे, चामडे ताणून धरावे आणि मगच दगडाकडे परत जायचे की नाही ते ठरवावे.