लिनक्स संगणकात नवी हार्ड डिस्क जोडताना

नेरूळमधील एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात इतिवृत्ते, हिशेब आणि सीसीटीव्हीचे चित्रण ज्या लिनक्स संगणकावर साठवले जाते, त्यात 4 टीबीची दुसरी डिस्क बसवायची आहे, असे समजू. संगणक बंद करून, प्लग काढून, डिस्कला साटा (माहितीची ने-आण करणारी) आणि वीजपुरवठ्याची अशा दोन्ही केबली जोडाव्यात.

संगणक सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही कमांड द्यावी. जुन्या डिस्कखाली तिची पार्टिशने, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, दिसतात, कोऱ्या डिस्कखाली काहीच दिसत नाही. क्षमता 3.6 टीबी दिसली म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड 1024 च्या. नवी डिस्क नेमकी कोणती, याची खात्री येथेच दोनदा करावी, कारण पुढच्या पायरीवर चुकीची डिस्क निवडली गेली तर सोसायटीचे सगळे दप्तर पुसले जाईल.

त्यानंतर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये नवी डिस्क निवडून, डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याच्या जीपीटी पद्धतीने फॉरमॅट करावी, कारण जुनी एमबीआर पद्धत साधारण 2 टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही. मग एकच पार्टिशन करून त्यावर ‘ईएक्सटी4’ (ext4) फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवण्याची रचना, घ्यावी. ही फाइल सिस्टिम सहसा 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते, म्हणजे येथे सुमारे 200 जीबी. केवळ साठवणीच्या डिस्कवर एवढी राखीव जागा माझ्या मते अनाठायी आहे. ‘ट्यून2एफएस’ (tune2fs) या कमांडने ती 1 टक्क्यावर आणता येते.

डिस्क कायमची जोडण्यासाठी एक रिकामे फोल्डर तयार करून ‘एफएसटॅब’ (/etc/fstab) या, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलची प्रत काढून ठेवावी आणि मूळ फाइलमध्ये एक ओळ वाढवावी. त्या ओळीत डिस्कचे ‘एसडीबी’ (sdb) असे नाव लिहू नये, कारण संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार ते बदलू शकते. ‘बीएलकेआयडी’ (blkid) या कमांडने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो, म्हणून तो लिहावा. त्याच ओळीतील पर्यायांमध्ये ‘डिफॉल्ट्स’नंतर स्वल्पविराम देऊन, जागा न सोडता, ‘नोफेल’ जरूर लिहावे (defaults,nofail). ते नसेल तर एखादी केबल सैल झाली तरी संगणक आणीबाणीच्या मोडमध्ये अडकून पडतो आणि कार्यालयाचे काम थांबते.

रीस्टार्ट करण्याआधी ‘माउंट -ए’ (mount -a) ही कमांड चालवावी, म्हणजे ओळीतील बहुतेक चुका तिथल्या तिथे कळतात. नव्या डिस्कची मालकी रूटकडे असल्यास शेवटी ‘सीएचओन’ (chown) या कमांडने ते फोल्डर रोजच्या वापरकर्त्याच्या नावे करावे.