कानाच्या पाळीत वारंवार सुजणारी गाठ : माझा अनुभव
माझ्या कानाच्या पाळीत वाटाण्याएवढी, त्वचेखाली किंचित हलणारी गाठ होती. तिच्या मध्यावर काळा ठिपका होता आणि ती अधूनमधून सुजून तिच्यातून दुर्गंधीयुक्त पांढरा लगदा येई. शेकल्याने सूज उतरे, दोनदा दाबून ती रिकामीही केली (ही माझीच चूक), पण गाठ परत येई आणि वैताग वाढे. केराटिन (त्वचेतील प्रथिन, ज्याचा तो पांढरा लगदा बनतो) साठवणारी पिशवी आत तशीच राहत होती, हे त्याचे कारण. शल्यचिकित्सकांनी आधी सूज पूर्ण उतरू दिली, ६ आठवड्यांनी जागा बधिर करून ठिपक्यासह लंबगोल छेद घेतला, पिशवी न फोडता अखंड काढून तपासणीस पाठवली आणि टाके घातले. ते ७ व्या दिवशी निघाले. कान टोचलेल्या जागी वाढणारी टणक गाठ मात्र केलॉइड (जखमेच्या व्रणाची अतिरिक्त वाढ) असू शकते, आणि ती नुसती कापल्यास अनेकदा अधिक मोठी होऊन परतते.